काँक्रीटमधला खांब

परिबल म्हणजेच मोमेंट शिकवताना मी फळ्यावर भिंतीतून बाहेर आलेली एक तुळई काढतो. विद्यार्थी ती वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेनंतर विसरतात. शिकवणाराही ती विसरू शकतो, हे मला एका पोहण्याच्या तलावाकाठी कळले.

बेळगावजवळ एका मित्राच्या मळ्यातल्या घरी असा लहानसा तलाव आहे. त्याचा नातू धावू लागला तेव्हा मित्र म्हणाला, "तलावाला कुंपण घालायचंय, तू जरा लक्ष घाल." लहान मूल बुडताना बहुधा ओरडत नाही. घरातल्यांना कळण्याआधी सारे संपलेले असते.

तलावाभोवती काँक्रीटचा कट्टा होता. कारागिराने एका दिवसात खांब उभे केले. प्रत्येकाच्या तळाशी १० सें.मी.ची चौरस लोखंडी पट्टी आणि तिला चार फुगणारे बोल्ट. संध्याकाळी मी एका खांबाला सहज रेललो, तर तो कलला. "नट आवळला की बसतंय, सर," कारागीर म्हणाला. आवळता आवळता बोल्टच वर आला.

मग मी ते गणित केले, जे आधीच करायला हवे होते. १.२ मीटर उंचीवर माणसाने ५० किलोचा रेटा दिला, तर तळाशी परिबल होते ६० किलो-मीटर. ते पेलायला पट्टीच्या एका कडेपासून पलीकडच्या बोल्टांपर्यंत अंतर जेमतेम ८ सें.मी. म्हणजे मागच्या दोन बोल्टांवर मिळून ७५० किलोंची ओढ! उभा खांब म्हणजे फळ्यावरची तीच तुळई, फक्त उभी केलेली.

आता ही ओढ घेणार कोण? काँक्रीट दाबाला बळकट, पण ताणाला त्याची ताकद साधारण दहावा हिस्सा. बोल्ट उपटतो तेव्हा शंकूच्या आकाराचा तुकडा घेऊन येतो, आणि त्या शंकूची त्रिज्या बोल्टच्या खोलीच्या सुमारे दीडपट असते. आमचे खांब कट्ट्याच्या बाहेरच्या कडेपासून ५ सें.मी.वर होते, अर्धा शंकू हवेतच! शिवाय वरचा ५ सें.मी. थर काँक्रीट नव्हताच, तो कोबा होता. साडेसात सें.मी.च्या बोल्टाला खरे काँक्रीट मिळाले अडीच सें.मी. आणि भोकात ड्रिलची भुकटी तशीच.

सगळे काढले. कुंपणाची रेषा कडेपासून २० सें.मी. आत घेतली, खांबापुरता कोबा चौकोनी फोडला, खालच्या काँक्रीटमध्ये १४ मि.मी.चे, ११ सें.मी. खोल भोक पाडले. हवा मारायची, तारेचा ब्रश फिरवायचा, पुन्हा हवा. हे मी स्वतः उभे राहून करवून घेतले, कारण राळ चिकटते ती काँक्रीटला, भुकटीला नव्हे. राळ भरून १२ मि.मी.चे बोल्ट बसवले आणि त्या दिवशी नटांना हात लावू दिला नाही. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घेतले. क्लोरीनच्या पाण्याकाठी साधे लोखंड गंजते, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो.

कारागिराला आडव्या नळ्या घालायच्या होत्या. दिसायला छान, पण मुलासाठी ती शिडीच. आम्ही उभ्या सळ्या घातल्या, मधे १० सें.मी.पेक्षा कमी फट. या बाबतीत ऑस्ट्रेलियाचे नियम मला पटतात : उंची किमान १.२ मीटर, फाटक पाण्यापासून बाहेरच्या दिशेला उघडणारे, आपोआप मिटून कडी लागणारे.

शेवटी प्रत्येक खांबाला दोर बांधून तराजूकाट्याने ५० किलोपर्यंत ओढून पाहिले. एकही हलला नाही. त्याच नियमांत कुंपणाला लागून चढण्याजोगे काही ठेवू नये असेही आहे. आजींची तुळशीची मोठी कुंडी तेवढी कुंपणाला टेकून आहे. ती हलवायला त्या अजून तयार नाहीत. पुढच्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे.