मैदान लहान, खेळ अवघड

दासगाव घ्या की महाड-पोलादपूरकडचे दुसरे कोणतेही गाव, कबड्डी तुम्हांला नवी नाही. बहुधा चुन्याने आखलेल्या एकाच क्रीडांगणावर मुलगेही खेळतात आणि मुलीही. नियमाने मात्र पुरुषांचे क्रीडांगण १३ × १० मीटर, तर महिलांचे १२ × ८ मीटर असते. फरक किरकोळ वाटतो ना? गुणाकार करून पाहा.

दोन्ही कडांचे एकेक मीटरचे राखीव क्षेत्र झटापट होईपर्यंत खेळात धरत नाहीत. ते वगळता पुरुष संघाच्या बाजूला ८ × ६.५ म्हणजे ५२ चौरस मीटर जागा उरते. महिलांच्या ६ × ६ म्हणजे अवघी ३६. क्षेत्रफळ सुमारे ३१ टक्क्यांनी घटले! बचावाला मात्र सातच जणी, आणि त्यांचे हात काही आखूड होत नाहीत. चढाई करणारीला वळायला जागाच कमी.

उलट, चढाईत जी ओलांडावी लागते ती निदानरेषा मध्यरेषेपासून ३.७५ ऐवजी ३ मीटरवर येते. सेकंदाला ५ मीटर वेग धरला, तर तिथून परतायला ०.७५ ऐवजी ०.६ सेकंद पुरतात. साखळी आवळायला तेवढीच सवड कमी!

म्हणून मुलग्यांच्या आखणीवर सराव करवून मुलींना स्पर्धेला नेणे मला पटत नाही. शिक्षकांनी त्यांच्या वयोगटाचे माप विचारून घ्यावे, मध्यरेषा तीच ठेवून त्याच मैदानात गेरूने दुसऱ्या रेषा ओढाव्यात. दोरी, टेप आणि अर्धा तास, एवढेच लागते.