सही करण्याआधी

चि. सोनूस,


तुझ्या टॅक्स रिटर्नच्या ऑफिससाठी आलेले, शॉमबर्ग उपनगरातल्या जागेचा आणि शिकागोच्या लूपमधल्या जुन्या इमारतीचा, असे दोन्ही दर पाहिले. एकीकडे फुटाला १९ डॉलर, दुसरीकडे ३१, म्हणून शॉमबर्ग फारच स्वस्त असं तू लिहितेस. मी इतकी वर्षं याच शहरात भाडेकरूंच्या बाजूने करार वाचत आलो. म्हणून सांगतो, भाड्याचा आकडा हा करारातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग. कोणता खर्च कोणाच्या माथी आणि अडचण आली तर बाहेर कसं पडायचं, हे आधी बघ.

पुण्यात फुटाचा दर महिन्याचा सांगतात, इथे वर्षाचा. पंधराशे फुटांचे १९ प्रमाणे वर्षाला २८,५०० डॉलर, महिन्याला २,३७५. पण त्या दरापुढे ‘ट्रिपल नेट’ लिहिलंय. म्हणजे मालमत्ता कर, इमारतीचा विमा आणि सामाईक देखभाल यांतला तुझा वाटा वेगळा भरायचा. तो फुटाला ९ डॉलर धर, महिना ३,५०० होतो. लूपचा दर ‘ग्रॉस’ आहे. त्यात हे खर्च धरलेले असतात. पुढे वाढले तर बहुधा फक्त वाढीतला वाटा मागतात. आणि दोन्हीकडचे पंधराशे फूट लॉबी-कॉरिडॉरचा हिस्सा धरून आहेत. सुपर बिल्टअपचा हिशेब तुला माहीतच आहे, तेव्हा टेप घेऊन जा आणि आतली जागा स्वतः मोज.

करांचं नीट समजून घे, कारण खरा फटका तिथेच बसतो. तुझ्या दोन्ही जागा ज्या कुक काउंटीत आहेत, तिथे घराचं करमूल्य बाजारभावाच्या १० टक्के धरतात, व्यापारी जागेचं २५ टक्के. शेजारच्या ड्यूपेज काउंटीत दोन्हींना सारखंच, एक तृतीयांश. त्यामुळे काउंटीची हद्द ओलांडली की जागेवरच्या कराचं गणितच बदलतं. नेपरव्हिलचा ड्यूपेजमधला भाग तू पाहिलासच नाहीस, तो पाहा. कुकमध्ये दर तीन वर्षांनी फेरमूल्यांकन होतं. शॉमबर्गसह उत्तरेकडच्या उपनगरांचं २०२२ आणि २०२५ मध्ये झालं. शिवाय इलिनॉयमध्ये कराचं बिल एक वर्ष मागाहून येतं. आज मालक सांगतो तो आकडा अंदाजाचा. खरं बिल आल्यावर फरक तुझ्याकडे मागतील, कदाचित तू जागा सोडल्यानंतरही. मागच्या तीन वर्षांची करबिलं आणि वर्षअखेरचे देखभालीचे हिशेब मागून घे. द्यायला टाळाटाळ झाली तर ती जागा सोड.

देखभाल खर्चाच्या वाढीला वर्षाला अमुक टक्के अशी मर्यादा माग. मालक बहुधा कर, विमा आणि बर्फ काढण्याचा खर्च त्यातून वगळेल. कर-विम्याचं समजू शकतो. पण इथल्या हिवाळ्यात पार्किंगमधला बर्फ आणि मीठ हाच मोठा खर्च असतो, त्यावर वाद घालायला कचरू नकोस. छपरावरचं हीटिंगचं यंत्र कोणी दुरुस्त करायचं, बंद पडल्यास नवं कोणी बसवायचं, हेही करारात स्पष्ट लिहून घे.

तुझ्या धंद्याची खास गोष्ट अशी की जानेवारी ते १५ एप्रिल तू रात्री आणि रविवारीही ऑफिसात असणार. बऱ्याच ऑफिस इमारतींत संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी हीटिंग कमी करतात. त्यानंतर हवं असेल तर तासाचे वेगळे पैसे. फेब्रुवारीत बाहेर उणे पंधरा असताना तू अंगात कोट घालून लोकांचे रिटर्न भरणार का? तो तासाचा दर लिहून घे आणि हंगामाच्या महिन्यांसाठी सवलत माग.

लूपची मला निराळी काळजी वाटते. २०२० नंतर तिथली ऑफिसं रिकामी पडली, आजही सुमारे चौथा भाग जागा ओस आहे. म्हणून मालक फुकट महिने आणि आतल्या कामासाठी भत्ता असं भरभरून कबूल करतात. पण कर्जात बुडालेल्या मालकाचा भत्ता कागदावरच राहू शकतो. इमारत बँकेने ताब्यात घेतली तरी तुझा करार टिकेल अशी लेखी हमी कर्ज देणाऱ्याकडून घे, आणि भत्ता मिळाला नाही तर तो भाड्यातून वळता करण्याचा हक्कही. तसंही तुझे अशील उपनगरांत राहणारे. शहरात गाडी लावायला पैसे मोजून ते यायचे नाहीत. माझं मत उपनगराकडेच आहे.

आता सगळ्यात जोखमीचं. घर भाड्याने घेणाऱ्याला कायदा जे संरक्षण देतो, त्यातलं फार थोडं तुला लागू होईल. अकरा महिन्यांच्या करारासारखं इथे सुटता येत नाही. पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं. मालक वैयक्तिक हमी मागेल, म्हणजे कंपनी बुडाली तरी तुझं घर आणि बचत पणाला. ती हमी एका वर्षाच्या भाड्यापुरती ठेव, आणि वेळेवर भाडं भरलंस तर दोन वर्षांनी ती संपावी असं लिहून घे. पोटभाडेकरू ठेवण्याचा हक्क सोडू नकोस. तू मध्येच सोडलंस तर दुसरा भाडेकरू शोधण्याचा वाजवी प्रयत्न मालकाने केलाच पाहिजे, असं इलिनॉयचा कायदा सांगतो; तो आधार आहे, पण त्यावर विसंबून सही करू नये. आणि मुदत संपल्यावर एक दिवसही रेंगाळू नकोस. अशा वेळी दीडपट-दुप्पट भाडं लावायची कलमं सर्रास असतात.

स्वतःचा ब्रोकर घे. त्याचं कमिशन बहुधा मालकच देतो, तेव्हा मालकाच्या ब्रोकरवर भागवण्यात काही वाचत नाही. वकिलाचे पैसे मात्र तुझे, आणि ते द्यावेतच.

मालकाकडून आता ‘लेटर ऑफ इंटेंट’ येईल. ते बंधनकारक नसतं म्हणून लोक पटकन सही करून मोकळे होतात. पण त्यात जे सुटलं ते पुढे करारात मागायला गेलीस की मालक ‘हे आधी ठरलं नव्हतं’ म्हणतो. हमीची मर्यादा, देखभालीची मर्यादा, हीटिंगचे तास आणि पोटभाड्याचा हक्क, हे चारही त्यातच आलं पाहिजे. ते पत्र आलं की सही न करता आधी मला पाठव.

तुझा,
मामा