धुराड्याची ओढ

चुलीच्या धुराने डोळे चुरचुरतात, भिंती काळवंडतात, हे सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु हाच धूर वर्षानुवर्षे छातीत गेल्याने फुप्फुसांचे विकार जडतात. त्याची झळ सर्वांत अधिक लागते ती चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांना व त्यांच्याजवळ खेळणाऱ्या मुलांना. म्हणूनच १९४७ च्या सुमारास वर्धा येथील मगनवाडीतून 'मगन चूल' पुढे आली. १९८३ साली भारत सरकारनेही सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. अशा अनेक निर्धूर चुलींचे मुख्य अंग म्हणजे धुराडे. तरीही काही घरांत धुराडे असून धूर खोलीतच कोंडतो. असे का व्हावे?

धुराडे स्वतः धूर ओढीत नाही. ते काम हवेचे आहे. हवा तापली की प्रसरण पावते व हलकी होते. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.१६ किलोग्रॅम असते. तीच हवा १५० अंशांपर्यंत तापली तर तेवढ्याच जागेत सुमारे ०.८३ किलोग्रॅम हवा मावते. धुराड्यातील हलकी हवा वर चढते आणि तिची जागा घेण्यास खालून थंड, जड हवा चुलीत शिरते. यालाच धुराड्याची ओढ म्हणतात. धुराडे जितके उंच व आतील हवा जितकी तप्त, तितकी ओढ अधिक.

आता ओढ का मंदावते, हे सहज कळेल. सरपण ओले असेल, तर बरीच उष्णता पाणी आटविण्यातच खर्च होते. धूर थंड राहतो आणि काजळी साचून धुराड्याचा मार्ग अरुंद होतो. चुलीच्या तोंडावर भांडे नीट बसले नाही किंवा नळीच्या सांध्यांना भेगा पडल्या, तर तेथून थंड हवा आत शिरते. नळीला वळणे फार असली, तर धूर अडखळतो. धुराड्याचे टोक आढ्याहून खाली राहिले, तर छपरावरून उतरणारा वारा धूर मागे लोटतो. दारे-खिडक्या घट्ट लावून घेतल्या, तर चुलीला हवाच मिळत नाही.

उपायही याच कारणांतून निघतात. सरपण पावसाळ्यापूर्वी फोडून, वाळवून कोरड्या जागी रचावे. धुराडे शक्यतो सरळ ठेवून त्याचे टोक आढ्याच्या वर सुमारे दोन फूट न्यावे. भेगा मातीने लिंपाव्यात. चूल थंड असताना काजळी नियमित झाडावी. प्रथम सुक्या काटक्यांचा जाळ करून धुराडे तापवावे, मग मोठी लाकडे घालावीत. खोलीत हवा येण्यास वाट ठेवावी. निखारे धुमसत असताना धुराडे कधीही बंद करू नये. त्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दिसत नाही व त्याला वासही नसतो.

यांपैकी बहुतेक उपायांना पैसा लागत नाही. लागते ती नित्याची काळजी. धुराडे एकदा बांधावे लागते, पण त्याची ओढ रोज राखावी लागते.

स्वाध्याय
१. धुराड्याची ओढ कशी निर्माण होते?
२. ओल्या सरपणामुळे कोणते दोन तोटे होतात?
३. कारणे द्या : निखारे धुमसत असताना धुराडे बंद करू नये.
४. वाक्यांत उपयोग करा : झळ लागणे, हाती घेणे.