फ्रान्सला शिकवायला निघालेल्या भाचीला

तुझ्या आईचा फोन आला होता. ‘तिला जरा समजावून सांग,’ म्हणाली. तू जाऊ नयेस असं मी समजवावं, ही तिची इच्छा. पण इतकी वर्षं फ्रेंच शिकवून पोरांना तिकडे धाडत आलेली मावशी भाचीला अडवेल कशी? तेव्हा जायचं कसं, एवढंच सांगते.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसव. तिथे तू पाहुणी नाहीस, नोकरीला चालली आहेस. फ्रान्सच्या सरकारी शाळेत इंग्रजीची सहायक म्हणून 1 ऑक्टोबर ते 30 एप्रिल, आठवड्याला 12 तास. हातात साधारण 800 युरो येतात, आणि त्याआधी विम्याची वर्गणी कापली जाते. 1905 साली फ्रान्स आणि ब्रिटनने एकमेकांच्या शाळांत असे तरुण सहायक पाठवायला सुरुवात केली, तेव्हापासून ही पद्धत मुरत आली आहे. मुरलेल्या सरकारी कामात कोणी तुझ्या मागे धावत नाही. ‘पोहोचलीस का, जेवलीस का’ असं विचारणारं कोणी स्टेशनवर उभं असेलच असं नाही. त्यात अपमान मानायचा नाही. आपल्याकडे तालुक्याच्या गावी नवा शिक्षक रुजू झाला तर त्याची सोय कोण लावतं? त्याची तोच. तसंच.

तुझ्याबरोबर यायचं म्हणणाऱ्या मैत्रिणींपैकी जी बी.एड.ला आहे, तिला मात्र थांबव. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेत 20 आठवड्यांची इंटर्नशिप असते. फ्रान्समधले महिने त्यात धरले जातील असं गृहीत धरून तिने तिकीट काढू नये. प्राचार्यांकडून लेखी होकार असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर आधी पदवी हातात घ्यावी, मग जावं. आणि तुलाही सांगून ठेवते, परत आल्यावर इथल्या शाळेत लागायचं तर बी.एड. आणि टीईटी काही सुटत नाही. या सात महिन्यांनी तुला वर्गात उभं राहता येईल, पात्रता मिळणार नाही.

अर्जात विभाग निवडायला सांगतात. सगळ्या पोरी पॅरिस लिहितात. तू लिहू नकोस. 800 युरोत पॅरिसमध्ये खोली घ्यायची म्हणजे उरलेला महिना पावावर काढायचा. रेन, लिल, तुलूझ या बाजूंना मोठं शहरही आहे आणि भाडंही जरा आवाक्यात. तरी लक्षात ठेव, मिळतो तो विभाग, शहर नाही. विभागातल्या कुठल्या तरी आडगावच्या शाळेत नाव लागू शकतं आणि तिथे रविवारी बसच नसते. म्हणून नेमणुकीचं पत्र हातात पडलं की नकाशा उघडून तीन गोष्टी बघ: शाळेपासून रेल्वे स्टेशन किती लांब, दोन-तीन शाळा दिल्या असतील तर त्यांच्यात अंतर किती, आणि जवळचं मोठं गाव कोणतं. राहायचं त्या मोठ्या गावात, शाळेच्या दारात नाही. तुझे 12 तास शाळेत जाणार, बाकीचा आठवडा तुला माणसांत काढायचा आहे.

नेमणुकीच्या त्या पत्राला तिकडे आरेते म्हणतात. ते बहुधा उन्हाळ्यात येतं आणि त्याच्याशिवाय व्हिसाचं पान हलत नाही. पण त्याची वाट बघत हातावर हात धरून बसायचं नाही. तिथे लागणाऱ्या जन्मदाखल्याचं काम आत्ताच काढ, आजच. आपल्याकडच्या कितीतरी दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं ‘मुलगी’ आणि आईवडिलांची नावं. तुझा तसाच असेल तर महापालिकेत जाऊन आधी नाव चढवून घे. मग त्याच्यावर राज्य शासनाचं साक्षांकन आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल. 2005 पासून भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, म्हणून फ्रान्सला तो चालतो. पुढे फ्रेंच भाषांतर लागतं, ते मात्र इथे करून घेऊ नकोस. तिथल्या न्यायालयाच्या यादीवरच्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच कर. इथलं भाषांतर नाकारलं की पैसे दोनदा जातात आणि महिना वाया जातो तो वेगळाच.

नावाचंही बघ. आपलं नाव तीन पायऱ्यांचं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. फ्रेंच फॉर्मवर आडनावाचा एक रकाना आणि बाकीच्या नावांचा एक. वडिलांचं नाव पासपोर्टवर जिथे असेल तिथेच ते प्रत्येक कागदावर ठेवायचं. एका फॉर्मवर लिहिलं, दुसऱ्यावर गाळलं, असं झालं की तिथल्या संगणकाच्या हिशोबी त्या दोन वेगवेगळ्या मुली होतात. मग विम्याचा नंबर एकीचा आणि पगार दुसरीचा!

व्हिसा दीर्घ मुदतीचा, कामाचा मिळतो. पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तो ऑनलाइन नोंदवावा लागतो, त्याची फी असते. थंडीत, नव्या घरात, नव्या शाळेत हे विसरायला फार सोपं. पहिल्याच आठवड्यात उरकून टाक.

आता पैशाचं. पहिला पगार ऑक्टोबरअखेर येतो, आणि कागद रेंगाळले तर नोव्हेंबरअखेर. त्यामुळे दोन महिन्यांचा खर्च आणि घराची अनामत एवढं बरोबर हवं. सामानासकट भाड्याने दिलेल्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंत मागता येते. आगाऊ पगाराची सोय असते, पण ती मागावी लागते. शाळेच्या कार्यालयात पहिल्याच दिवशी ‘अव्हान्स’ हा शब्द उच्चार. भीड बाळगू नकोस, त्यांना त्यात काही वाटत नाही.

घरमालक विचारतो, हमीदार कोण? फ्रेंच पगारदार हमीदार तुला कुठून मिळणार? त्यासाठी व्हिझाल नावाची योजना आहे. तिशीच्या आतल्यांना ती फुकट हमी देते. घर शोधायला निघण्याआधी तिचा दाखला काढून ठेव, आणि मालकाशी बोलताना पहिल्या दोन वाक्यांत तो सांग. काही लिसेंमध्ये, म्हणजे वरच्या वर्गांच्या शाळांमध्ये, आवारातच खोली असते, तीही विचार. तरुण कामगारांची वसतिगृहं असतात, तीही वाईट नसतात. घर मिळालं की त्याच आठवड्यात काफ नावाच्या भत्ता-कार्यालयाकडे भाड्याच्या मदतीचा अर्ज टाक. मागच्या महिन्यांचे पैसे ते देत नाहीत. अर्ज उशिरा गेला की तेवढे पैसे बुडाले. सत्ताविशीच्या आत आहेस, तर रेल्वेचं तरुणांचं सवलतकार्ड घे. 49 युरोत वर्षभर तिकिटाला तीस टक्के सूट मिळते. दोन लांबच्या सुट्ट्यांत वसूल.

सामानाबद्दल तुझी आई तुला सांगेलच, म्हणून मी दोनच गोष्टी सांगते. तूप, पेढे, खव्याचं काहीही नेऊ नकोस. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. गोडा मसाला, मेतकूट, चिवडा खुशाल ने. आणि कुकर नेणार असशील तर इंडक्शनवर चालणारा स्टीलचा ने, हिंडालियमचा तिथल्या शेगडीवर नुसता बसून राहील.

शाळेत तुला एक शिक्षक नेमून दिलेला असतो, तुझा रेफेराँ. या एका माणसावर तुझं निम्मं सुख अवलंबून. ऑगस्टमध्ये सगळा फ्रान्स सुट्टीवर असतो, तेव्हा त्या महिन्यात पत्राला उत्तर आलं नाही तर रुसायचं नाही. जुलैच्या सुरुवातीला छोटंसं पत्र लिही: मी कोण, कुठून येते, काय शिकवू शकते, कोणत्या तारखेला पोहोचते. आणि मग प्रश्न विचार, एका वेळी दोनच. वेळापत्रक कागदावर पक्कं होण्याआधी सांग की तास शक्यतो चार दिवसांत बसवा. नंतर ते हलत नाही. तिथे बऱ्याच शाळांत अ आठवडा आणि ब आठवडा असं असतं, दोन्हींचं वेळापत्रक वेगळं. दोन्ही लिहून घे, नाहीतर एक दिवस रिकाम्या वर्गासमोर उभी राहशील.

शिक्षकांच्या खोलीत शिरलीस की ‘बोंजूर’. ओळखीचं असो नसो, वाचत बसलेलं असो, झेरॉक्सशी भांडत असो, तरी बोंजूर. न म्हणता खुर्चीवर बसणारी मुलगी त्यांच्या लेखी उद्धट ठरते, मग तिचं फ्रेंच कितीही शुद्ध असो. हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात विसरतो.

आता वर्ग. तिथली इयत्ता उलटी मोजतात: सहावी म्हणजे अकरा वर्षांची पोरं, मग पाचवी, चौथी, तिसरी आणि वरच्या लिसेत दुसरी, पहिली, शेवटची. तुला बहुधा अर्धा वर्ग देतील, दहा-बारा जण. शिस्त लावणं हे तुझं काम नाही, ते मुख्य शिक्षकाचं आणि शाळेच्या शिस्त-विभागाचं. कोणी फारच हाताबाहेर गेला तर वर्गप्रतिनिधीबरोबर त्याला तिकडे पाठव आणि पुढे चल. अंगाला हात लावायचा नाही, कौतुकाची टपलीसुद्धा नाही. आणि फोटो! आपल्याकडे कार्यक्रम झाला की ग्रुपवर पन्नास फोटो पडतात. तिथे पालकांच्या लेखी परवानगीशिवाय एकही नको. पोरांनी इन्स्टाग्रामवर हाक मारली तर उत्तर द्यायचं नाही.

तुझ्या उच्चारांवरून कोणी भुवई उंचावेल. पोरांना सिनेमातली इंग्रजी हवी असते. माफी मागू नकोस, आपली इंग्रजी ही जगातल्या कोट्यवधी माणसांची इंग्रजी आहे, असं शांतपणे सांग. ती पोरं चुकायला फार घाबरतात, म्हणून गप्प बसतात. ‘आवडता खेळ कोणता’ विचारलंस तर ‘फुटबॉल’ म्हणून मिटतात. त्यांना हातात काहीतरी द्यावं लागतं. मी आमच्या पोरींना दहा रुपयांच्या नोटा घेऊन जायला सांगते, दोघांत एक. नोटेच्या मागच्या बाजूला पंधरा भाषांची पट्टी आहे. किती लिप्या दिसतात? कोणत्या दोन सारख्या वाटतात? मराठी कुठली असेल? अंदाज करायला इंग्रजीच बोलावं लागतं, आणि अंदाज चुकला तरी कोणाला लाज वाटत नाही, कारण उत्तर कोणालाच माहीत नसतं. पाऊण तास कसा जातो कळत नाही. लग्नपत्रिकाही चालते. कोणाचा कोण आहे ते शोधायला लाव, आणि ‘आमचे येथे श्रीकृपेने’ इथपासून सगळं समजावताना तुझीच दमछाक होईल.

पत्रिकेवरचा गणपती वर्गात दाखवायला हरकत नाही, गळ्यातला मात्र ड्रेसच्या आत ठेव. हा भाग नीट समजून घे. 2004 च्या कायद्याने सरकारी शाळेत विद्यार्थ्यांना ठळक धार्मिक चिन्हं घालता येत नाहीत, आणि कर्मचाऱ्यांवरचं बंधन त्याहून कडक आहे. पगार घेतेस म्हणजे तू कर्मचारी. दिवाळी सांग, आकाशकंदील करून घे, किल्ल्याचे फोटो दाखव; पूजा मांडायची नाही. टिकलीबद्दल रेफेराँला आधीच विचारून टाक, कोणी हटकल्यावर वाद घालण्यापेक्षा ते बरं. आपल्या पोरींना हे जड जातं, ठाऊक आहे मला. मलाही तो सगळा काटेकोरपणा पटतो असं नाही. पण त्यांच्या शाळेत त्यांचा नियम.

जेवणाची चिंता तुझ्या आईला आहे, मला नाही. शाळेच्या कँटीनमध्ये स्वस्तात जेवता येतं, आणि 2018 च्या कायद्यामुळे आठवड्यातून एकदा तरी शाकाहारी जेवण ठेवावंच लागतं. बाकीच्या दिवशी भाज्या, चीज, पाव, फळ. शिक्षकांबरोबरच जेव. डबा घेऊन कोपऱ्यात बसशील तर तुझं फ्रेंच आहे तिथेच राहील.

कोणी शिक्षिका म्हणेल, माझ्या मुलाला घरी इंग्रजी शिकवशील का, पैसे देईन. मोह होतो. पण सरकारी करारावर असताना वरकमाईला परवानगी लागते, आणि तुझा व्हिसाही त्या एका कामाचाच आहे. आधी विभागाच्या कार्यालयाला विचार. ते नाही म्हणाले तर त्या बाईंना सांग, पैसे नकोत, रविवारी जेवायला बोलवा. सौदा वाईट नाही.

निघतानाची कामं मार्चमध्येच सुरू कर. सामानासकट घेतलेलं घर सोडायची सूचना महिनाभर आधी, लेखी. शाळेकडून काम केल्याचा दाखला घे, रेफेराँकडून शिफारसपत्र घे, तेही शाळेच्या कागदावर आणि तारखेसकट. सातही पगारपत्रकं जपून ठेव. बँकेचं खातं मात्र विमानात बसायच्या आदल्या दिवशी बंद करू नकोस. शेवटचा पगार आणि काफचा शेवटचा हप्ता त्यानंतर येतो, आणि अनामत परत करायला मालकाला एक महिना, घरात काही मोडतोड निघाली तर दोन महिने मिळतात. सगळे पैसे जमा झाल्यावर पुण्यातून पत्र पाठवून खातं बंद करता येतं.