एकच औषध, दोन कामे

कर्करोगावरील पुष्कळशी औषधे रोगट पेशींबरोबर निरोगी पेशींनाही इजा करतात. शिवाय औषध रोगाच्या ठिकाणी पोहोचले की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही.

यावर पहिली तोड निघाली ती आयोडीनमुळे. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी रक्तातील आयोडीन शोषून घेते. आयोडीन किरणोत्सारी करता येईल काय, असा प्रश्न १९३६ साली बॉस्टन येथील डॉक्टर सॉल हर्ट्झ यांनी भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन यांना विचारला. उत्तर होकारार्थी आले. १९४१ साली हर्ट्झ यांनी थायरॉइडच्या रोग्याला तसे आयोडीन दिले. पुढे त्या ग्रंथीच्या कर्करोगावरही ते गुणकारी ठरले.

या आयोडीनमधून दोन प्रकारचे किरण निघतात. गॅमा किरण शरीराबाहेर येतात. त्यांवरून यंत्र चित्र काढते व औषध कोठे साठले ते कळते. बीटा किरण दोन-तीन मिलिमीटरांपलीकडे जात नाहीत. तेवढ्यातच ते रोगट पेशींचा नाश करतात.

परंतु इतर अवयवांच्या कर्कपेशी सहसा आयोडीन शोषून घेत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञ आता त्या पेशींना चिकटणारा रेणू शोधतात व त्याला ल्युटेशियम या धातूचे किरणोत्सारी अणू जोडतात. असे औषध शत्रूचा ठावठिकाणा सांगते आणि त्याच्यावर घावही घालते.