कंटेनर गेला तरी माहिती राहिली पाहिजे!

गेल्या वर्षी मी वर्गाच्या चाचणीचं छोटं ॲप कुबरनेटीसवर चालवलं. गुण कंटेनरमधल्याच फाईलमध्ये साठवत होतो. एका रात्री कंटेनर बंद पडला. कुबरनेटीसने लगेच नवा उभा केला. ॲप चालू, पण सगळे गुण गायब! मुलांना परत चाचणी द्यायला सांगणं जिवावर आलं.

असं का होतं?
कंटेनरमधलं लिखाण फळ्यावरच्या लिखाणासारखं. तास संपला की पुसलं जातं. टिकवायचं ते वहीत उतरवावं लागतं. ही वही म्हणजे क्लाउडवरची वेगळी डिस्क.

वही कशी मिळवायची?
१) स्टोरेज क्लास : डिस्क कोणत्या प्रकारची, ते इथे ठरतं.
२) पर्सिस्टंट व्हॉल्यूम क्लेम : हा आपला मागणी अर्ज. उदा. ५ जीबी हवी, 'रीडराइटवन्स', म्हणजे एका वेळी एकाच नोडला जोडलेली.
३) पर्सिस्टंट व्हॉल्यूम : अर्ज मंजूर होऊन मिळालेली डिस्क.
४) माउंट : पॉडच्या फाईलमध्ये क्लेमचं नाव आणि फोल्डरचा मार्ग लिहा. ॲप त्याच फोल्डरमध्ये लिहितंय ना, तेही बघा. माझ्यासारखी चूक करू नका!

लक्षात ठेवा
आपोआप तयार झालेल्या डिस्कचं धोरण सहसा 'डिलीट' असतं. क्लेम काढला की डिस्कही जाते. महत्त्वाच्या माहितीला 'रिटेन' ठेवा. बॅकअप मात्र वेगळा घ्यायचाच.

स्वाध्याय : माउंट केलेल्या फोल्डरमध्ये एक फाईल लिहा. डिप्लॉयमेंटचा पॉड डिलीट करा. नवा पॉड आल्यावर फाईल आहे का, ते तपासा.