शब्दाची मर्यादा कोठे?



कोणी आपल्या श्रद्धेची टिंगल केली की घरातला तरुण विचारतो, ‘हे आम्ही का सहन करावे?’ प्रश्न रास्त आहे. मात्र उत्तरापूर्वी घातक शब्द कोणता, हे ठरवले पाहिजे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. तिच्यात ना कोणत्या धर्माची निंदा होती, ना कोणाला शिवी. ती पुढे पाठविणाऱ्या कित्येकांना आपण लोकांना सावधच करीत आहोत, असे वाटले असेल. तरीही पाच घरे उघडी पडली. तात्पर्य, शब्द आपल्याला किती बोचला यावरून त्याचा घातकपणा ठरत नाही. तो कोणाच्या जिवावर वा अब्रूवर बेततो, यावरून ठरतो.

दिव्य कुरआनने हा भेद राखला आहे. अल्लाहच्या वचनांची थट्टा चालली असेल, तर ते लोक दुसऱ्या विषयाकडे वळेपर्यंत त्यांच्यात बसू नये, अशी शिकवण सूरह अन्-निसामध्ये (आयत १४०) आहे. उठून जाणे म्हणजे संमती नव्हे आणि हल्लाही नव्हे. उलटपक्षी, शीलवान स्त्रीवर चार साक्षीदारांविना आळ घेणाऱ्यास सूरह अन्-नूरने (आयत ४) ऐंशी फटक्यांची शिक्षा सांगितली आहे. तीही न्यायासनाने द्यावयाची, जमावाने नव्हे.

मर्यादा आपल्यालाही आहे. इतरांच्या उपास्यांना अपशब्द बोलण्यास सूरह अल्-अन्आम (आयत १०८) मनाई करते. जी सहनशीलता आपण इतरांकडून मागतो, ती आधी आपल्या जिभेला शिकवावी लागते.

आपल्या संविधानाचे कलम १९ भाषणस्वातंत्र्य देते आणि सार्वजनिक सुव्यवस्था, अब्रूनुकसानी, अपराधास चिथावणी अशा कारणांसाठी त्यावर वाजवी निर्बंधही मान्य करते. समाजासमाजांत वैर पेटविणाऱ्यांसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम १९६, तर अफवा पसरविणाऱ्यांसाठी कलम ३५३ आहे. म्हणून टिंगलीला युक्तिवादाने व सदाचाराने उत्तर द्यावे. पण कोणी कत्तलीची चिथावणी देत असेल, तर तेथे मौन हा संयम नव्हे. पुरावा जपून पोलिसांत तक्रार करणे, हे आपले कर्तव्य आहे. रस्त्यावर उतरून हाती दगड घेणारा मात्र आपली न्याय्य बाजू स्वतःच गमावतो.

सडक अर्जुनीसारख्या लहान गावात फेरीवाले, गोंधळी, बहुरूपी दारोदार येतात. उद्या त्यांच्यापैकी एखाद्याचे छायाचित्र ‘सावधान’ अशा शब्दासह आपल्या मोबाईलवर आले, तर सूरह अल्-हुजुरातची (आयत ६) आज्ञा आठवा: बातमीची शहानिशा करा, अन्यथा अजाणतेपणी कोणाला इजा कराल आणि पस्तावाल. ऐकलेले सर्व काही सांगत सुटणे, एवढेच माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, असा सहीह मुस्लिममधील हदीसचा आशय आहे.

आज रात्री मुलांना जवळ बसवून एवढेच सांगा की बोट दाबण्यापूर्वी विचारावे: हे खरे आहे का, आणि यामुळे कोणाच्या जिवाला धोका आहे का? अल्लाह आपल्या जिभेचे व हातांचे रक्षण करो. आमीन.